खुलासा: मिझोरा म्हणजे झेरिएल नव्हे

'बाल्डर्स गेट ३' या व्हिडिओ गेममधली मिझोरा म्हणजे वेश पालटून आलेली झेरिएलच, असं छातीठोकपणे सांगणारी पोस्ट सध्या फिरतेय. तसं नाही. झेरिएल ही नरकाच्या नऊ थरांपैकी पहिल्या थराची, ॲव्हर्नसची मालकीण, एकेकाळची देवदूत. मिझोरा तिच्या हाताखालची कॅम्बियन, म्हणजे अर्धी सैतान, अर्धी माणूस. गेममधल्या विल या साथीदाराला करारात अडकवून कार्लाख या लढवय्या स्त्रीच्या जिवावर सोडते, तेही मालकिणीच्याच कामासाठी. (कार्लाखचं हृदय काढून छातीत धगधगतं इंजिन बसवलं गेलं, ते झेरिएलच्या फौजेत लढण्यासाठी.) २०२३च्या या गेममध्ये झेरिएल स्वतः लढायला समोर येतच नाही, घोळ तिथेच झाला असावा. हा गेम ज्यावर बेतलाय त्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळाच्या २०१८च्या नियमपुस्तकात मात्र ती आहे, चॅलेंज रेटिंग (शत्रू किती ताकदवान, त्याचा आकडा) २६! मिझोरा तिच्यापुढे फार तर कारकून.