जपानला निघालात? आधी एवढं विसरा

डोंबिवलीहून रोज सकाळची फास्ट पकडत असाल तर जपानला जायच्या आधी जरा थांबा. इतक्या वर्षांत घाम गाळून कमावलेली तुमची विद्या तिथे कवडीमोल आहे.

गाडी थांबायच्या आत उडी मारून खिडकी धरणं, हेच घ्या. टोक्योत फलाटावर खुणा आखलेल्या असतात, गाडीचं दार बरोबर तिथेच येतं आणि आतली माणसं उतरेपर्यंत रांगेतलं कुणी हलत नाही. अशा ठिकाणी तुमच्या कोपरांनी करायचं काय? बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारून त्याची जागा आधीच नावावर करून घ्यायची सोयही नाही. डब्यात फोनवर बोलणं तिथे असभ्य मानतात. म्हणजे शेजारच्याच्या मेहुण्याचं जमिनीचं प्रकरण कुठवर आलं, तेही कळायचं नाही.

टॅक्सीच्या दाराला तर हातच लावू नका. मागचं दार चालक जागेवरूनच उघडतो आणि लावतोही. भाडं मीटरवर येईल तेवढंच, त्यामुळे घासाघीस करायचा आनंदही गेला.

लांबचा प्रवास म्हणाल तर त्यात काही दमच नाही. टोक्यो ते ओसाका 500 किलोमीटरच्या वर, शिनकानसेन, म्हणजे तिथली बुलेट ट्रेन, अडीच तासांत नेऊन सोडते. एवढ्या वेळात ओळख तरी कुणाशी व्हावी? आपल्याकडे आरएसी मिळालं की साइड लोअरच्या अर्ध्या भागात तुम्ही, उरलेल्या अर्ध्यात नांदेडचे एक काका. रात्री दोनला त्यांचे पाय तुमच्या मांडीवर येतात आणि पहाटेपर्यंत त्यांच्या पुतणीसाठी तुमच्या भाच्याची पत्रिका मागितली जाते. (तत्काळ तिकीट काढताना सकाळी 10 वाजता छातीत होणारी धडधड वेगळीच. तीही तिथे नाही.)

2017 च्या नोव्हेंबरात तिथली एक गाडी 20 सेकंद आधी सुटली, तर कंपनीने जाहीर माफी मागितली. एवढ्या वेळात आपण लोकलचा अख्खा डबा रिकामा करून पुन्हा भरतो.

गाडी पाचेक मिनिटं उशिरा आली तर स्टेशनवर तशी चिठ्ठी मिळते, ऑफिसात दाखवायला. बिचाऱ्यांना कागद लागतो. आपण ‘डोंबिवलीहून येतो’ म्हणतो आणि साहेब काही न बोलता मस्टर पुढे सरकवतात.