एमएफ डूमवरचा तो मेसेज खोटा आहे

सोलापुरातल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर हा मेसेज रोज येतोय: 'एमएफ डूम हा उगाच डोक्यावर घेतलेला रॅपर. कंपनीनं नालायक म्हणून हाकलला, तोंड दाखवायची लाज म्हणून मुखवटा घातला, शोला स्वतः यायचा नाही, हिट एकही नाही. दिसायला बरे नसाल, खिशात पैसा नसेल, तर रॅपच्या नादी लागू नका.' माझा भाचा अशोक चौकात राहतो. मराठी, तेलुगू, कन्नड मिसळून वहीत रॅप लिहितो. मेसेज वाचल्यापासून वही मिटलेली आहे, म्हणून हे लिहितोय.

नालायक? डूमचं खरं नाव डॅनियल डूमिले. तो आणि त्याचा धाकटा भाऊ सबरॉक यांचा अमेरिकेतला रॅप ग्रुप केएमडी. दुसरा अल्बम होत आला होता आणि १९९३ मध्ये लाँग आयलंडला रस्ता ओलांडताना सबरॉक गाडीखाली गेला. डूमिलेनं काम एकट्यानं पुरं केलं. १९९४ मध्ये, बाजारात यायच्या तोंडावर, इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीनं अल्बम अडवला आणि करारही मोडला. कारण मुखपृष्ठ. काळ्या माणसांची टिंगल करायला गोऱ्यांनी रूढ केलेलं 'सॅम्बो'चं चित्र त्यावर फासावर लटकवलेलं होतं. म्हणजे वर्णद्वेषाच्या प्रतीकालाच फाशी, आणि कंपनी घाबरली. भाऊ गेला, अल्बम गेला, माणूस जवळपास रस्त्यावर आला. त्याला नालायक म्हणणाऱ्याची मला चीड येते.

आता लाज. केएमडीच्या व्हिडिओत त्याचा चेहरा उघडाच आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तो न्यूयॉर्कच्या एका कॅफेत ओपन माइकला, म्हणजे कोणीही येऊन गावं अशा कार्यक्रमात, परतला, तेव्हा तोंडावर बायकांचा पायमोजा ओढलेला होता. धातूचा मुखवटा नंतर आला. 'न्यूयॉर्कर' या अमेरिकी नियतकालिकात २००९ साली टा-नेहासी कोट्स यांनी त्याच्यावर लांबलचक लेख लिहिलाय, तो वाचा. रॅपर दिसतो कसा याकडेच लोकांचं लक्ष, ते शब्दांकडे वळावं म्हणून चेहरा झाकला, असं त्याचं म्हणणं. मेसेजवाला त्याच माणसाचं नाव घेऊन पोरांना दिसण्यावरून घाबरवतोय!

शोचं मात्र खरं आहे. मुखवटा घालून दुसऱ्यालाच स्टेजवर पाठवायचा. मी दिग्दर्शक आहे, पात्र कोणी करायचं ते मी ठरवतो, असा त्याचा खुलासा. मला तो पटत नाही. तिकिटाचे पैसे घेतले तर यायला हवं होतं.

हिट नाही, बरं. त्याचा २००४ चा अल्बम 'मॅडव्हिलनी' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत १७९ पर्यंतच चढला. पण हा अल्बम बाहेर यायच्या वर्षभर आधीच कच्ची टेप फुटली होती. त्या टेपमध्ये डूमचा आवाज चढा आहे. त्यानं तेच शब्द पुन्हा, खालच्या पट्टीत, सावकाश रेकॉर्ड केले. दोन्ही लागोपाठ ऐका. चढ्या आवाजात निसटणारी ओळींच्या मधली यमकं दुसऱ्यात एकेक सुटी ऐकू येतात. याला कारागिरी म्हणतात.

आणि भाच्या, भाषांची खिचडी करतोस म्हणून हसणाऱ्यांना आपल्याच गावच्या शाहीर राम जोशींचं नाव सांग. तमाशापायी त्यांना घर सुटलं, तरी मराठी, कन्नड, हिंदी आणि संस्कृत त्यांनी एकाच लावणीत बसवली.