शाल नको, रविवार द्या

आमच्या पोरांच्या व्हीलचेअर रग्बीच्या सामन्यांसाठी हॉल शोधतेय; आज चौथ्या हॉलच्या ऑफिसात चहा पिऊन हात हलवत परत आले. चहा चांगला होता, आलं घातलेला. सेक्रेटरी काकाही चांगले, मराठी, आमच्याच भागातले. त्यांचं नाव लिहीत नाही, हॉलचंही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याच दारात उभं राहायचंय.

काका म्हणाले, "तीन डिसेंबरला आख्खा हॉल फुकट घ्या. स्टेज आमचं, माईक आमचा, मुलांना शाल-श्रीफळसुद्धा आमच्याकडून." तीन डिसेंबर म्हणजे जागतिक दिव्यांग दिन. मी म्हटलं, काका, शाल नको, रविवार द्या. सहा रविवार, सकाळी सात ते अकरा, भाडं देऊन. तर मान हलवत म्हणाले, "दर रविवारी कसं जमणार हो? आणि ती धडकाधडकी कशाला? त्या बिचाऱ्यांना कॅरम बरा."

कॅरम!

माझ्या भाच्याला मानेत इजा आहे, सी-सिक्स, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर. खांदे चालतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं. बोटं मिटत नाहीत. त्याला अजिबात खेळता येणार नाही असा एक खेळ शोधून काढायचा म्हटलं तर तो कॅरमच. स्ट्रायकर कशानं मारणार, तुमच्या कौतुकानं?

बरं. व्हीलचेअर रग्बी म्हणजे काय हे माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना पाठ झालंय, कारण दोन वर्षं मी तुमचं डोकं खातेय. उरलेल्यांसाठी पटकन सांगते. मैदान बास्केटबॉलचंच, अठ्ठावीस बाय पंधरा मीटर. चार विरुद्ध चार. चेंडू अंड्यासारखा नाही, व्हॉलीबॉलसारखा गोल. तो मांडीवर घ्यायचा आणि गोलरेषेपलीकडे दोन चाकं न्यायची, झाला गोल. दहा सेकंदांत एकदा तरी टप्पा नाहीतर पास, आणि चाळीस सेकंदांत गोल. खुर्चीनं खुर्चीला हवं तेवढं ठोका, त्याला कोणी काही म्हणत नाही. पण माणसाला हात लावलात तर फाउल, आणि मागच्या चाकाच्या मागून ठोकून खुर्ची गरकन फिरवलीत तरी फाउल.

आणि ज्यावर मी फिदा आहे तो नियम असा, की प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीरात किती चालतं त्याप्रमाणे ०.५ ते ३.५ असे पॉइंट मिळतात आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज ८ च्या वर जाऊ द्यायची नाही. संघात मुलगी असली तर तिच्यामागे अर्धा पॉइंट वाढवून मिळतो. म्हणजे नुसते चार दांडगे घेऊन उतरता येतच नाही. ज्याचं सगळ्यांत कमी चालतं त्याला घ्यावंच लागतं. भाचा एक पॉइंटचा. त्याच्या खुर्चीला पुढे लांब आकड्यासारखा बंपर आहे. तो समोरच्या तीन-साडेतीन पॉइंटवाल्याच्या खुर्चीत अडकवायचा आणि त्याला हलू द्यायचं नाही, हेच त्याचं काम. दोन वर्षांत त्याचे गोल चार. नातेवाईक पहिला प्रश्न तोच विचारतात, "गोल किती केले रे?" आणि तो बहुतेक वेळा सांगतो, "आज एकही नाही, पण मोठ्याला अडवला."

कॅनडात विनिपेगला सत्तरच्या दशकात हा खेळ सुरू झाला, कारण ज्यांचे हातही अधू आहेत त्यांना व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये कोणी बाकावरून उठवतच नव्हतं. तेव्हा त्याचं नाव मर्डरबॉल होतं. हे काकांना सांगितलं नाही, एवढी अक्कल मला आहे.

आता ती गोष्ट सांगते. आज काकांनाही सांगितली आणि ते "अरे अरे अरे" म्हणाले, तिथेच माझं डोकं फिरलं.

दोन वर्षांपूर्वीचा पहिला सराव. एका शाळेचं सिमेंटचं कोर्ट, रविवार सकाळ. ताई, म्हणजे भाच्याची आई, पोह्यांचा डबा घेऊन कडेला उभी. उज्जैनचा तीन पॉइंटवाला पोरगा तिरका आला आणि त्यानं अशी ठोकली की भाच्याची खुर्ची आडवी. धाडकन आवाज. पोरगं पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेलं, त्यामुळे खुर्चीसकट आडवं, एक चाक वर गरगर फिरतंय. ताईनं डब्यासकट धाव घेतली, पोहे कोर्टभर. आणि हा आडवा पडल्या पडल्या ओरडला, "आई, लाइनच्या बाहेर हो! फाउल बसेल!"

आम्ही हसून हसून खाली बसलो. काका, ही हसायची गोष्ट होती हो. "अरे अरे" नव्हतं करायचं.

तुम्ही सगळे माझ्यासारखेच आहात, तुम्हाला दया आणि खेळ यातला फरक समजावत बसायची गरज नाही. म्हणून आपल्या या गावाबद्दल, इंदूरबद्दल बोलते. क्रिकेटवाल्या सी. के. नायडूंचं गाव म्हणून छाती फुगवतो ना आपण? होळकर संघाच्या गोष्टी प्रत्येक घरातल्या आजोबांकडून ऐकल्यात. आणि २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हणून पाहुण्यांना राजवाडा, सराफा फिरवताना आपली जीभ थकत नाही. तो नंबर कशामुळे आला? रोज सकाळी गाडी येते म्हणून. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, तेच गाणं वाजवत, पाऊस असो, रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असो, दुसऱ्या दिवशी गाडी दारात हजर. कोणी वर्षातून एकदा स्टेजवर चढून झाडूला हार घातला म्हणून नाही आला तो नंबर. मग हेच साधं गणित या पोरांच्या बाबतीत कुठे जातं? यांच्यासाठी वर्षातून एक दिवस, एक हार, एक फोटो, आणि बाकी ३६४ दिवस "जमणार नाही हो"?

मुरलीकांत पेटकर आठवा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला आपला सांगलीकडचा जवान, १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री कधी? २०१८. शेहेचाळीस वर्षांनी. शाल द्यायला आपण कधीच चुकत नाही, फक्त माणूस म्हातारा व्हावा लागतो.

काकांचं म्हणणं एक, की फरशीवर ओरखडे येतात. येतात, मान्य. खुर्ची पडली की लोखंड घासतं, टायरचे काळे पट्टे उमटतात, ते आम्ही पुसून देऊ म्हटलं. आणि लग्नाच्या भाड्यावर ट्रस्ट चालतो हेही मान्य. पुढे.

"मग एप्रिल-मेमध्ये घ्या ना, सकाळी हॉल रिकामाच असतो." हे तर चारही ठिकाणी ऐकलं. अहो, मानेच्या इजेत घामच येत नाही नीट! इजेच्या खालचं शरीर स्वतःला थंड ठेवू शकत नाही. आपण घामाघूम होऊन सुटतो, ही पोरं आतल्या आत तापत जातात. म्हणून प्रत्येकाच्या शेजारी झाडांवर मारायची ती पाण्याची स्प्रे बाटली असते, दर टाइमआउटला तोंडावर, मानेवर फवारा. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली चार क्वार्टर खेळवले तर खेळ राहील बाजूला, सरळ अँब्युलन्स बोलवावी लागेल. सीझन घ्यायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आणि नेमकी तेव्हाच लग्नं, साड्यांची प्रदर्शनं, शाळांची स्नेहसंमेलनं. म्हणजे ज्या महिन्यांत यांना खेळता येतं त्याच महिन्यांत हॉल नाही, आणि हॉल असतो तेव्हा यांना खेळता येत नाही. मी बँकेत तीस वर्षं काढली, असा न जुळणारा ताळेबंद पाहिला नाही.

सीझन सीझन म्हणते, पण तो आहे तरी केवढा! इंदूर, देवास, उज्जैन, महू मिळून चौदा खेळाडू. त्यातली एक मुलगी, देवासची. तिचे बाबा आधी नाही म्हणत होते, आता शिट्टी घेऊन फिरतात. तीन संघ, गावाप्रमाणे नाहीत, कारण पॉइंटांची बेरीज जुळायला हवी. बारा सामने, सहा रविवारी दोन-दोन. बत्तीस मिनिटांचा खेळ, पण घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे सामना सव्वा-दीड तासाचा. खऱ्या रग्बीच्या खुर्च्या नऊ. एका सामन्याला आठ लागतात, एक जास्तीची. म्हणजे पहिला सामना संपला की जिंकलेला संघ हात वर करतो न करतो तोच त्यांना उचलून रोजच्या खुर्चीत बसवायचं आणि त्यांच्या गरम खुर्चीत पुढच्यांना बांधायचं. पट्टे, ग्लोव्हज, ग्लोव्हजवर चिकट टेप, कारण पकड नाही. वर एकाला लघवीचं इन्फेक्शन होऊन ताप आला की पूर्ण गणित कोसळतं. अशी एक खुर्ची लाखांच्या घरात जाते, म्हणून नव्या खुर्चीचं स्वप्नही आम्ही हळू आवाजात बघतो.

दोन शिट्ट्यावाले हवेत. टेबलावर माणसं हवीत, एक स्कोअरला, एक मुख्य घड्याळाला, एक चाळीस सेकंदांच्या घड्याळाला, एक पेनल्टी बॉक्सवर. चाळीस सेकंदांचं घड्याळ माझ्याकडे. मागच्या वेळी तिसऱ्या क्वार्टरला मी भाच्याकडे बघत बसले आणि घड्याळ सुरूच केलं नाही. दोन्ही संघ मला एका सुरात ओरडले. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हो, ग्वाल्हेरला केंद्र सरकारनं दिव्यांग खेळाडूंसाठी मोठं प्रशिक्षण केंद्र उभारलंय, चांगलंच झालं. पण इथून ग्वाल्हेर पाचशेच्या आसपास किलोमीटर आहे. दर रविवारी?

आणि आता तुमच्याकडे वळते. हो, तुमच्याकडेच. मी मागच्या महिन्यात भाच्याचा फोटो टाकला, आकड्यात अडकवलेला तो उज्जैनचा पोरगा आणि याचे दात विचकलेले. तीनशेच्या वर लाइक. "सलाम", "प्रेरणादायी", "डोळे पाणावले". त्याखालीच लिहिलं होतं, येत्या रविवारी खुर्च्या उचलायला चार जण हवेत. किती आले? तीन जण. त्यातला एक आमचा छोटा हत्ती टेम्पो चालवणारा, तो तसाही येणारच होता. बाकीच्यांचे डोळे बहुतेक अजून पाणावलेलेच असावेत.

जरा जास्तच लागलं का? असू दे. पुसत नाही.

त्या पहिल्या रविवारचं पुढचं मी कधी लिहिलं नव्हतं. सराव संपला, खुर्च्या छोटा हत्तीत चढवल्या, मी आणि ताई पुढे ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं. ताई गप्प. मला वाटलं, झालं, आता ही पोराला पुन्हा पाठवणार नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर नदीवर गेला होता. सूर मारला तिथे पाणी कमरेएवढंच होतं. तेव्हापासून ती कुशीवर वळवायला रात्री दोनदा उठते, अजूनही. आणि त्या काळात हे पोरगं काय बोलायचं? "चालेल." "काहीही दे." "तुला जमेल तसं." एवढंच. लहानपणी चटणी तिखट नाही म्हणून ताट सरकवणारा मुलगा!

महूनाक्याच्या सिग्नलला ताई म्हणाली, "चार वर्षांत पहिल्यांदा खेकसला गं माझ्यावर."

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

मग थोड्या वेळानं म्हणाली, "तो फाउल झाला तर काय करतात?" मी म्हटलं, एक मिनिट बॉक्समध्ये बसवतात, नाहीतर समोरच्यांचा गोल होईपर्यंत. तर म्हणे, "मग बसले असते की एक मिनिट."

काकांना हे सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर त्यांनी रविवार दिले असते का? नसतेच. डोळे पुसले असते आणि तीन डिसेंबरच्या शालीबरोबर ताईंना साडीही दिली असती. काका वाईट नाहीत. मला वाईट माणूस भेटला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. चहा देणाऱ्याशी भांडायचं कसं?

तर सध्याची परिस्थिती अशी. हॉल नाही. सिमेंटचं कोर्ट आहे, शाळेनं पुन्हा दिलंय, त्यांचे उपकार. टायर महिन्यात झिजतात, पडलं तर सालटं निघतात, पण सुरू तरी होईल. सीझनचा पहिला रविवार नोव्हेंबरातला दुसरा. सकाळी सात म्हणजे सात, इंदुरी सात नाही. हवंय ते एवढंच: सायकलचा मोठा पंप, प्रेशर दाखवणारा. लांब एक्स्टेंशन वायर, स्कोअरबोर्डसाठी. शाळेच्या बाथरूमच्या दाराला पायरी आहे, तिथे लाकडी उतार ठोकून देणारा सुतार. आणि चार हात, खरे.

पोहे ताई आणणार, सेव-जिरावण घालून. डबा आता कडेला बाकावर ठेवते, हातात धरून उभी राहत नाही.

एडिट: पंप मिळाला, तिलकनगरच्या एका जुन्या मैत्रिणीच्या मुलाचा. सुतार अजून हवाय. आणि ज्यांनी इनबॉक्समध्ये "कॅरमचा बोर्ड देऊ का" असं विचारलंय, त्यांनी कृपया पोस्ट पुन्हा एकदा वरून वाचावी.