रिकामाच तर करायचाय!

ईआरपीच्या (हिशोब, स्टॉक, ऑर्डरी सांभाळणारं सॉफ्टवेअर) मॅन्युअलमध्ये एकच ओळ होती, 'इन्स्टॉलेशनपूर्वी एक रिकामा डेटाबेस तयार ठेवावा'. पाहुण्यांनी फोनवर 'काही नको, फक्त पुरणपोळी करा' म्हणावं तसं. मीही शेठना सांगून बसलो की शनिवारी दुपारपर्यंत होऊन जाईल, कारण रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ ठरलेली.

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप, आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक कूलर. सर्व्हरवर कुणीतरी कधीकाळी टाकलेलं मायएसक्यूएल 5.6, म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर. डेटाबेस केला, युजर केला, ग्रँट म्हणजे परवानग्या दिल्या (त्या लोकलहोस्टला, म्हणजे त्याच मशीनपुरत्या दिल्या आणि सॉफ्टवेअर दुसऱ्याच मशीनवर, त्यात तास गेला, असो). इन्स्टॉलर नेक्स्ट नेक्स्ट करत पार झाला. खुशीत पहिली टेस्ट पार्टी (म्हणजे गिऱ्हाईक) टाकली, गाव अंबड, सेव्ह केलं आणि समोर आलं '????'. चार. मी मोजली. अ, ब, ड ची तीन आणि अनुस्वाराचं वेगळं एक, हिशोबाला चोख.

खोदल्यावर कळलं की कोलेशन, म्हणजे अक्षरं लावायचा क्रम, 'लॅटिन1 स्वीडिश'; लॅटिन1 मध्ये मराठी अक्षरंच नाहीत, म्हणून प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएल मूळचं स्वीडनचं, त्यामुळे 8.0 येईपर्यंत तुम्ही काही सांगितलं नाही तर डेटाबेस गपचूप स्वीडिश वळणाचा व्हायचा. म्हणजे आमच्या सातपूर-सिन्नरच्या पार्ट्या स्टॉकहोमच्या बाराखडीने लागणार होत्या!

अल्टर डेटाबेस कमांड मारून यूटीएफ8एमबी4 (मराठीसकट सगळी अक्षरं मावणारा संच) केलं. परत '????'. कारण ते फक्त नव्या टेबलांना लागतं, जुनी सगळी स्वीडिशच, दारावरची पाटी बदलली म्हणून आतले भाडेकरू थोडीच बदलतात. सगळं उडवून नवा डेटाबेस, परत इन्स्टॉलर, आणि आता तो मधेच अडला की इंडेक्स (शोधायला लागणारी सूची) 767 बाइटच्या वर चालणार नाही. 255 अक्षरांचा कॉलम, अक्षरामागे चार बाइट धरायचे, झाले 1020. जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ8 मध्ये 765 होतात, दोन बाइटने वाचतो माणूस. आणि मराठीला तीनच लागतात हो, चौथा इमोजी वगैरेंसाठी. माझा रविवार एका पिवळ्या हसऱ्या तोंडाने खाल्ला.

रात्री साडेदहाला बायकोचा फोन.
"काय करतोयस अजून?"
"रिकामा डेटाबेस."
"रिकामाच ना? मग दिवसभर भरतोयस काय त्यात?"

रविवारी 8.0 टाकलं (त्यात ही 767 ची अडचण येत नाही), त्याची पासवर्डची नवी पद्धत जुन्या ड्रायव्हरला (सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडणारा प्रोग्रॅम) कळेना म्हणून ड्रायव्हर बदलला, मिसळ ग्रुपवरच्या फोटोत बघितली, तर्रीसकट. संध्याकाळी घाईघाईत परत तीच पार्टी टाकली आणि स्क्रीनवर चक्क मराठी उमटलं!

सोमवारी शेठना अभिमानाने दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं.

"अरे, हे 'अबंड' काय लिहिलंयस?"