पतीचे नाव : कर्जाची रक्कम

टेस्टिंगच्या मॅडमनी मला त्यांच्या जागेपाशी बोलावलं आणि एक अक्षर न बोलता स्क्रीनकडे बोट केलं. कर्जाच्या अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं – पतीचे नाव : कर्जाची रक्कम.

"तसं खोटं काहीच नाही म्हणा," त्या म्हणाल्या, "पण बँकेला चालेल का?"

गोष्ट २०१०च्या आसपासची. हिंजवडीत जावा लिहून मी पोट भरत होतो आणि एका सहकारी बँकेचा दोन पानी कागदी अर्ज जेएसएफमध्ये, म्हणजे जावात वेबपानं बनवायच्या जावासर्व्हर फेसेस या फ्रेमवर्कमध्ये, उतरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. यात आपण एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणारी वेबपानाची भाषा, फारशी लिहायची नसते. लेबल, टेक्स्टबॉक्स, बटण असे कॉम्पोनंट मांडायचे, त्यांचं एचटीएमएल सर्व्हर करतो. कानाला हे फार छान लागतं. घरी भाजी निवडून, चिरून आयती येते म्हटल्यासारखं.

आता, नुसत्या मांडणीसाठी टेबल, म्हणजे ओळी-रकान्यांचा तक्ता, वापरू नये हे एचटीएमएल ४.०१च्या नियमांत १९९९ सालीच लिहून ठेवलंय. आमच्या ऑफिसातही हा नियम एकादशीसारखा पाळला जाई. पण २००४ साली जेएसएफ आलं ते पॅनेलग्रिड नावाचा कॉम्पोनंट कडेवर घेऊनच, आणि हा पॅनेलग्रिड ब्राउझरपर्यंत पोचतो तेव्हा चक्क टेबल झालेला असतो. आपण हातानं टेबल लिहिलं तर विटाळ, सर्व्हरनं लिहिलं तर फ्रेमवर्क. सोवळं मोडत नाही, कारण आपला हात लागलेला नसतो.

पॅनेलग्रिडला कॉलम किती ते सांगायचं. (नाही सांगितलं तर तो एकच धरतो आणि सगळा अर्ज वाण्याच्या यादीसारखा खाली खाली लोंबतो.) मग तो पंगतीतल्या नवशिक्या वाढप्यासारखा चालत सुटतो. पोटातले कॉम्पोनंट डावीकडून एकेका घरात टाकायचे, ओळ भरली की पुढची ओळ. समोर लेबल आहे की बॉक्स, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला फक्त मोजता येतं.

मी दोन कॉलम सांगितले होते. वैवाहिक स्थितीत 'अविवाहित' निवडलं की पतीच्या नावाचा बॉक्स दिसू नये म्हणून त्या बॉक्सला रेंडर्डची अट लावली. लेबलला लावायची राहिली. बॉक्स नाहीसा झाला, पण त्याचं घर काही कुणी राखून ठेवलं नाही. पंगतीतून एक उठला आणि मागचे सगळे एकेक पाट पुढे सरकले. पतीच्या लेबलशेजारी रकमेचं लेबल येऊन बसलं, रकमेचा बॉक्स खालच्या ओळीत डावीकडे गेला, त्याच्याशेजारी परतफेडीची मुदत. विवाहितांचा अर्ज व्यवस्थित, अविवाहितांचाच बिघडलेला. आमचे लीड त्या वेळी स्थळं बघत होते. त्यांनी हे मनाला लावून घेतलं.

मी लेबललाही अट लावली. दोघं जोडीनं गेली, सम संख्या गेली, अर्ज जागेवर आला. मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, "आणि चुका कुठे दाखवणार?"

म्हणून तिसरा कॉलम आला, लाल शेऱ्यांचा. मेसेज कॉम्पोनंटला सांगायला काही नसलं तरी तो रिकामं घर अडवून बसतो, ते एक बरं असतं. पण पतीच्या नावाच्या मेसेजला अट लावायची राहिली (हो, पुन्हा). अविवाहित निवडलं की लेबल आणि बॉक्स जायचे आणि मेसेज एकटाच मागे उरायचा. परिणामी पुढच्या प्रत्येक चुकीचा शेरा एक ओळ खाली, दुसऱ्याच लेबलाच्या डावीकडे. रक्कम मर्यादेबाहेर लिहिली की लाल अक्षरं मुदतीला चिकटत. मॅडमनी मुदत पाच वर्षं, तीन वर्षं, एक वर्ष करून पाहिली. शेरा हटेना. गुन्हा रकमेचा, कान मुदतीचा पिरगळलेला.

त्या रात्री जेवताना माझं लक्ष ताटात नव्हतं. आईनं विचारलं तर मी जमेल तसं सांगितलं. ती वाढता वाढता थांबली.

"म्हणजे एखाद्या दिवशी चटणी नसली, तर भाजी डावीकडे येते?"

"आमच्याकडे येते."

"आणि मीठ?"

"मीठ आमटीत पडतं."

तिनं माझ्या ताटातल्या मिठाकडे एकदा बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पॅनेलग्रुपची ओळख झाली. दोन-चार कॉम्पोनंट एका पुडक्यात बांधले की वाढपी ते एकच पदार्थ म्हणून मोजतो. पिनकोडचा बॉक्स आणि त्यापुढचं '६ अंकी' मी एका पुडक्यात बांधलं. अटी आतल्या कॉम्पोनंटना लावल्या आणि पुडकं बाहेरून कायम ठेवलं, म्हणजे आत कोणी नसलं तरी घर रिकामं राहतं पण राहतं. मला जग जिंकल्यासारखं झालं.

मग जामीनदार आले. ते दोन किंवा तीन असू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी मी यूआय-रिपीटचा, म्हणजे तोच तुकडा प्रत्येकासाठी पुन्हा काढणारा, लूप फिरवला. पॅनेलग्रिडच्या हिशेबी तो अख्खा लूप म्हणजे पोटातला एकच कॉम्पोनंट. त्यामुळे नावं, पत्ते, पगार यांसकट सगळे जामीनदार एकाच घरात दाटीवाटीनं उभे. कर्ज अजून मंजूर व्हायचं होतं आणि जामीनदार आधीच एका कोठडीत. सी-फॉरईच हा दुसरा लूप वापरल्यावर त्यांची सुटका झाली, कारण तो पानाची जुळणी होतानाच प्रत्येकाचे कॉम्पोनंट सुटे करून ठेवतो.

सगळं जागेवर बसलं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. उद्या कोणी येऊन यात बोट घालू नये म्हणून मी ग्रिडच्या मधोमध एक कॉमेंट, म्हणजे पानावर न दिसणारी, कोड वाचणाऱ्यासाठीची टीप, लिहिली – 'हे नीट चालतंय. कृपया हात लावू नये.' शेवटचं एकदा पान उघडलं.

अर्ज पुन्हा एक घर सरकला होता.

दीड तास मी प्रत्येक अट, प्रत्येक पुडकं तपासलं. मग कळलं की आमच्या फेसलेट्समध्ये, म्हणजे जेएसएफची पानं लिहायच्या पद्धतीत, एचटीएमएलची कॉमेंटही साध्या मजकुरासारखी ग्रिडच्या पोटात जाते आणि तिचंही एक घर मोजलं जातं. हात लावू नये म्हणणारीच हात लावून बसली होती. कॉमेंट वगळायची एक सेटिंग वेब-एक्सएमएल नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये असते, ती केली. आणि भरवसा नको म्हणून कॉमेंटही काढली.

डेमोला बँकेचे दोन साहेब आले होते. विवाहित, अविवाहित, दोन जामीनदार, तीन जामीनदार, सगळं करून बघितलं. कुठे काही हललं नाही. थोरल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि जुना कागदी अर्ज माझ्यापुढे सरकवला.

"छान झालंय. फक्त हे तेवढं राहिलंय बघा."

उजव्या कोपऱ्यात, चार ओळींइतका उंच, एक चौकोन होता. 'येथे फोटो चिकटवा.'

एका घरानं अनेक ओळी व्यापायच्या तर टेबलात रोस्पॅन लागतो. पॅनेलग्रिडमध्ये रोस्पॅन नसतो.