ॲनिमेचे बिऱ्हाड हलते तेव्हा

आपली आवडती ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका पुढच्या महिन्यापासून इंटरनेटवरच्या दुसऱ्या प्रसारण सेवेवर दिसेल, अशी सूचना आली असल्यास सर्वप्रथम आपले अभिनंदन. अशा सूचनेची सुरुवात ‘कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे’ या वाक्याने होते आणि आनंद नेमका कोणाला होत आहे, हे विचारण्याची रीत नाही. जपानमध्ये प्रकाशक, दूरचित्रवाहिनी, खेळणी विकणारी कंपनी असे अनेक भागीदार निर्मिती समिती स्थापून मालिकेचा खर्च उचलतात, आणि प्रसारणाचे हक्क देशागणिक, ठरावीक मुदतीसाठी विकले जातात. अकरा महिन्यांच्या भाडेकराराला सरावलेल्या मराठी वाचकाला याहून अधिक समजावण्याची गरज नसावी. फरक इतकाच की, येथे बिऱ्हाड मालिकेचे हलते आणि टेम्पोचे भाडे आपण भरतो.

नव्या घरी आपली ओळख नव्याने करून द्यावी लागेल. त्यात कमीपणा मानू नये. प्रस्तुत लेखक १९९९ पासून चालू असलेल्या ‘वन पीस’चे ७४३ भाग पाहून एका नव्या सेवेच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्या सेवेने आवडीच्या किमान तीन मालिका निवडण्यास सांगितले आणि लगेच, खास त्याच्यासाठी म्हणून, ‘वन पीस’चा पहिला भाग सुचवला. मालिकेचे हंगामही तेथे निराळ्या ठिकाणी कापलेले होते, त्यामुळे ७४३ वा भाग कोणत्या हंगामाच्या पोटात दडला आहे, हे शोधण्यात रविवारची सकाळ गेली. तेव्हापासून तो भागांचे क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहितो. महिनाअखेर हिशेबाला बसलेल्या आईने ‘७४३ हे लिटर की रुपये?’ असे विचारले, हा दोष अर्थातच सेवेचा नव्हे.

मालिका नव्या जागी गेल्यावर तिचे बोलणे बदलले, तरी दचकू नये. ‘निऑन जेनेसिस इव्हँगेलियन’ २०१९ च्या जूनमध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा इंग्रजी अनुवाद नवा होता, आवाज नवे होते, आणि भागाच्या शेवटी वाजणारे ओळखीचे गाणे अनेक देशांत गायब झाले होते. जुन्या अनुवादात एक मुलगा दुसऱ्याला आपले प्रेम सांगतो; नव्यात तो त्याला आवडत असल्याचे सांगतो. स्थलांतरात थोडीफार भांडी फुटायचीच.

‘कायम’ या शब्दाचा अर्थ मात्र आपण नीट समजून घ्यावा. फ्युनिमेशन ही ॲनिमे विकणारी टेक्सासची कंपनी डीव्हीडी आणि ब्लू-रेच्या डब्यात सांकेतिक क्रमांकाची चिठ्ठी घालत असे. तो क्रमांक संकेतस्थळावर भरला की डिजिटल प्रत खात्यात जमा होई आणि ती कायम राहील, असे ग्राहकाला सांगितले जाई. सोनीच्या मालकीच्या या फ्युनिमेशनने ऑगस्ट २०२१ मध्ये ११७ कोटी ५० लाख डॉलर मोजून क्रंचीरोल ही दुसरी ॲनिमे सेवा विकत घेतली, त्यानंतर विकत घेणाऱ्याची पाटी उतरवून विकल्या गेलेल्याची पाटी ठेवली, आणि २ एप्रिल २०२४ रोजी फ्युनिमेशनची सेवा बंद केली. खात्यांतल्या त्या डिजिटल प्रतींना नव्या घरात जागा नव्हती. तेव्हा कायम म्हणजे कंपनीच्या हयातीपर्यंत, आपल्या नव्हे. चिठ्ठी ज्या डब्यात होती त्यातली चकती अजून चालते, असे कोणी म्हटल्यास त्याला जुनाट समजून सोडून द्यावे. ती चकती लावायचे यंत्र आपण भंगारात घातले आहे, हे सांगू नये.

या सगळ्याला कंटाळून चोरीच्या संकेतस्थळांकडे वळण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळावा. क्रंचीरोलचा आरंभ २००६ साली झाला तो चाहत्यांनी विनापरवाना चढवलेल्या भागांवरच, हे खरे आहे. परंतु त्या वाटेने जाऊन प्रतिष्ठित होण्याचा मुहूर्त तेव्हाच होता. आता तेथे केवळ जुगाराच्या जाहिराती भेटतात.

म्हणून निमूटपणे नवे खाते उघडावे. जुनी वर्गणी रद्द करण्याचे बटण सापडेपर्यंत दोन्हीकडचे पैसे कापले जातील, त्याची मनाची तयारी ठेवावी. जुना पासवर्ड चालणार नाही. नव्यात एक चिन्ह आणि किमान तीन अंक हवेत, असे सांगितले जाईल. अंकांसाठी दिनदर्शिका पाहावी.