‘बेळगाव सुटत नाही आणि जग जोडायला निघालात’ : ‘एक सांगलीकर’ यांना उत्तर

सांगलीकर, नमस्कार.

उत्तराला चार दिवस लागले. राग आला म्हणून नव्हे, तुमचं निम्मं म्हणणं पटलं म्हणून. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी लिहिलं होतं की जगाला निवडून आलेली एक संसद हवी, लोकशाही संघराज्य हवं, ‘सीमा पुसल्या पाहिजेत’. त्यावर तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. एक, एका देशात राहून बेळगावचा आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा प्रश्न सुटत नाही, तिथे जगाच्या गप्पा कशाला. दोन, जगाचं सरकार म्हणजे अमेरिकेचं नाहीतर चीनचं. आपण आपल्याच घरात भाडेकरू. आणि तीन, ‘जय जगत’ हा पोट भरलेल्यांचा छंद आहे.

आधी कबुली. ‘सीमा पुसल्या पाहिजेत’ हे वाक्य फुकटचं होतं. ओघात आलं, टाळ्यांचं वाटलं, ठेवून दिलं. सीमा पुसा असं म्हणणाऱ्याला सीमाभागातला माणूस जोडे मारेल, आणि ते बरोबरच होईल. माझं म्हणणं वेगळं आहे, पण ते मी नीट मांडलं नव्हतं.

माझी आत्या निपाणीला दिलेली. काही वर्षांपूर्वी तिच्या नातीच्या बारशाला आई आणि मी निघालो, आणि नेमकं त्याच आठवड्यात सीमाप्रश्न तापला. दोन्हीकडच्या बसगाड्यांना काळं फासणं सुरू, म्हणून बस बंद. कागलपासून पुढे वडाप, म्हणजे खासगी प्रवासी गाडी. ड्रायव्हरनं तिप्पट पैसे घेतले आणि दूधगंगेच्या पुलाअलीकडे गाडी थांबवून म्हणाला, “पलीकडं दुसरी गाडी लावलीया. काच फोडून घ्यायची माझी काय तयारी नाही.” आईच्या डोक्यावर बाळंतविड्याचं बोचकं, माझ्या हातात पेढ्यांचा बॉक्स, आणि आम्ही पूल चालत ओलांडला. पलीकडे केए नंबरची जीप उभी. बारसं साडेबाराला व्हायचं ते दोनला झालं. आत्याच्या दिरानं तेवढ्या वेळात दोन्ही मुख्यमंत्र्यांचा उद्धार करून घेतला.

तुम्ही म्हणाल, हेच तर मी सांगतोय. बरोबर. पण त्या पुलावर आम्हाला काय लागलं नाही तेही बघा. पासपोर्ट लागला नाही, व्हिसा लागला नाही, पलीकडे बंदूक रोखून कुणी बसलं नव्हतं. आणि हे दोन मुलूख पूर्वी कसे भांडायचे हे सांगलीच्या माणसाला मी काय सांगावं? १७९१ मध्ये पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी कर्नाटकातला शृंगेरीचा मठ लुटला. तो पुन्हा उभा करायला टिपूनं मदत पाठवली. आज त्याच दोन बाजूंचं भांडण कुठे आहे? महाराष्ट्रानं २००४ मध्ये लावलेल्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयात, तारखांमध्ये. कंटाळवाणं आहे, चीड आणणारं आहे. १९५६ ला आणि १९८६ ला माणसं गेली, तेही मी विसरलो नाही. पण कोल्हापूरहून फौज निघालेली नाही, आणि निघावी असं सर्वांत कडवा सीमावासीयसुद्धा म्हणत नाही.

संघराज्याकडून मला एवढंच हवंय. प्रेम नको. भांडायला ठरलेली एक चावडी हवी, जिथे दोघांनाही यावंच लागतं.

पाण्याचंच घ्या. कृष्णेसाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला. २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरून त्यानं वाटणी केली : महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्रला ८००. तिघेही नाराज, म्हणजे वाटणी फार चुकली नसावी. दुसऱ्या लवादाचा निकाल अजून न्यायालयात अडकलाय, अलमट्टीची उंची ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची की नाही यावर आपल्याकडे दर पावसाळ्यात धाकधूक असते, आणि २०१९ मध्ये तुमच्या दारात पाणी आलं तेव्हा हे सगळे आकडे बिनकामाचे वाटले असणार. मान्य. आता कावेरीकडे बघा. १९९१ मध्ये लवादाचा अंतरिम आदेश कर्नाटकाला नको होता, म्हणून त्या सरकारनं सरळ वटहुकूम काढला. सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. बंगळुरात दंगल झाली, तमिळ घरं जळली, पण वटहुकूम गेला तो गेलाच. उलट सिंधू पाणीवाटपाचा करार १९६० चा, तीन युद्धांतून टिकलेला. २०२५ मध्ये भारतानं तो स्थगित ठेवला. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद आत्ता नको. असा निर्णय घेता येतो, हा मुद्दा आहे. बंगळुरूला तो घेता आला नाही, दिल्लीला आला, इस्लामाबादला उद्या दुसरा कुठला घेता येईल. दोन राज्यांच्या डोक्यावर चावडी आहे. दोन देशांच्या डोक्यावर नाही.

आता दांडगाईचा मुद्दा. अमेरिका किंवा चीन राज्य करील म्हणता. आत्ता काय चाललंय? संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पाच जणांना नकाराधिकार, १९४५ पासून, आणि त्यांना काढायचं तर त्यांचीच संमती हवी. आमसभेत नऊरू या इवल्या बेट-देशाचं एक मत आणि भारताचं एक मत. नऊरूची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. तुमच्या तालुक्यातलं बाजाराचं एखादं गाव त्याहून मोठं निघेल. एका सभेत दांडगे, दुसऱ्या सभेत फक्त झेंडे, आणि माणसं दोन्हीकडे नाहीत.

जगाच्या संसदेत माणसांची मोजणी कशी करायची, कुणाला किती जागा, यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. निव्वळ लोकसंख्येवर गेलो तर भारत आणि चीन मिळून सभा भरून टाकतील, आणि बाकीचे पळून जातील. युरोपच्या संसदेत जर्मनीला ९६ आणि माल्टाला ६ जागा आहेत, म्हणजे लहानाला जरा झुकतं माप. आपल्याकडे गोव्याला लोकसभेत दोन, उत्तर प्रदेशाला ऐंशी. तरी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या वाटणीला हात लावायचं नाव काढलं की दक्षिणेत काय होतं ते आपण पाहतोय. अवघड आहे. पण दुसरीकडे निघालेली एक तोड मला फार आवडते. ओझोनच्या थरासाठी १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, तो आपल्या फ्रिजमधल्या वायूपर्यंत येऊन पोचला. ठरलेले वायू किती लवकर बंद करायचे, हे बदलायला तिथे दोन तृतीयांश मतं लागतात, शिवाय श्रीमंत देशांचं वेगळं बहुमत आणि गरीब देशांचं वेगळं बहुमत. शक्यतो एकमतानंच उरकायचं, हेही तिथेच लिहिलंय. पण तसा निर्णय झाला की विरोधात मत दिलेल्यालाही तो बांधील असतो. अमेरिकेलासुद्धा. सार्वभौमत्वाचा एवढा तुकडा सगळ्यांनी गुपचूप सोडून दिला आणि कुणी मोर्चा काढला नाही.

सांगलीतल्या गटाराचा ठराव जिनिव्हात व्हावा असं मी म्हणत नाही. आपल्या घटनेत केंद्राची सूची वेगळी, राज्यांची वेगळी. तशी जगाची सूची आखूडच असावी : हवा, समुद्र, साथीचे रोग, अण्वस्त्रं. आणि सुरुवात सल्ला देणाऱ्या सभेनं झाली तरी चालेल. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २२ व्या कलमाखाली आमसभा स्वतःला पूरक मंडळं नेमू शकते. त्याला सनद बदलावी लागत नाही, म्हणून तिथे नकाराधिकारही आड येत नाही. युरोपची संसदसुद्धा १९५२ मध्ये ७८ नेमलेल्या माणसांची सभा होती. थेट निवडणूक झाली १९७९ ला.

राहिला तिसरा मुद्दा, तो मला लागला. पोट भरलेल्यांचा छंद? ८ ऑगस्ट १९४२, मुंबई, गवालिया टँक. ‘छोडो भारत’चा ठराव आपण सगळे शाळेत शिकलो, पण त्यातला एक परिच्छेद पुस्तकात नसतो. जगाची पुढची शांतता आणि प्रगती यासाठी स्वतंत्र राष्ट्रांचं जागतिक संघराज्य हवं, स्वतंत्र भारत त्यात आनंदानं सामील होईल, मग राष्ट्रांना आपापली सैन्यं लागणार नाहीत, असं त्यात म्हटलंय. हे मंजूर करणारे नेते दुसऱ्या दिवशी पहाटे पकडले गेले. (सैन्यं लागणारच नाहीत हे मला तरी भाबडं वाटतं.) ‘स्वतंत्र राष्ट्रांचं’ हा शब्द मात्र मोलाचा. आधी स्वातंत्र्य, मग संघ. तुमची भाडेकरूची भीती त्यांनाही होतीच.

त्याच्याही आधीचं सांगतो, कारण हे गिरणगावाचं आहे. १९११ च्या कायद्यानं कापडगिरणीत दिवसाला बारा तासांची मर्यादा होती. म्हणजे आठवड्याचे ७२. तास कमी करा म्हटलं की मालकाचं उत्तर तयार : मी कमी केले तर बाजार दुसऱ्या देशातल्या गिरण्या खातील. एकट्या मुंबईत तो गुंता सुटणाराच नव्हता. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिथे प्रत्येक देशाची चार मतं : दोन सरकारची, एक मालकांचं, एक कामगारांचं, आणि कामगाराला आपल्या सरकारच्या विरुद्ध मत देता येतं. भारताच्या कामगारांतर्फे गेले मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशी. ठरलं काय? बहुतेकांना ४८ तास, ब्रिटिश हिंदुस्थानला ६०. अपमानच तो. पण १९२२ मध्ये ते ६० कायद्यात आले, रोजचे जास्तीत जास्त अकरा. आठवड्याचे बारा तास वाचले. ते ज्या गिरणी कामगाराचे वाचले त्याचं पोट भरलेलं नव्हतं.

मूळ लेखातलं ते सीमांचं वाक्य आता बदललंय. जुनं खोडून तिथेच ठेवलंय, नाहीतर तुमची प्रतिक्रिया अधांतरी दिसली असती. अलमट्टीच्या उंचीबद्दल तुम्ही विचारलेलं मात्र राहिलं. त्यातलं मला तुमच्याएवढं कळत नाही. पूररेषा तुमच्या घराच्या कितव्या पायरीपर्यंत आली होती, तेवढं कळवा.